पोटगीतील फेरफार (अपत्याच्या)

अपत्याच्या पालनपोषणासाठी न्यायालयाने ठरवलेली मासिक रक्कम परिस्थिती बदलल्यावर वाढवणे, घटवणे किंवा रद्द करणे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ खाली पोटगी मंजूर होई आणि कलम १२७ खाली तिच्यात बदल होई. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुक्रमे कलम १४४ व १४६ यांनी घेतली. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ (कलम २६) यातही अशी तरतूद आहे. पोटगीवरील दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने रद्द झाली.

नोकरी जाणे, आजारपण, पगारवाढ, अपत्याचा वाढता शिक्षणखर्च ही फेरफाराची नेहमीची कारणे. बदल पुराव्यानिशी सिद्ध करावा लागतो. नागपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले.

रत्नागिरी जिल्ह्यात अनेकांचे उत्पन्न हंगामी असते. हापूसचे पैसे मुख्यतः उन्हाळ्यात येतात आणि पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. असा दरवर्षीचा खंड आधीच अपेक्षित असल्याने तेवढ्यावर कपात मागणे कठीण. बागेचे मोठे नुकसान किंवा बोट विकावी लागणे हे वेगळे. नवा आदेश होईपर्यंत जुनीच रक्कम देय राहते. थकबाकीसाठी वॉरंट व कारावासही होऊ शकतो.