मेक्सिकोंतील मक्याचे वंश

इ. स. १९४१ सालीं अमेरिकेंतील रॉकफेलर प्रतिष्ठानानें मेक्सिकोच्या शेतीसुधारणेचा विषय हातीं घेण्याचें मनांत आणिलें, तेव्हां भूगोलवेत्ते कार्ल सावर यांचें मत विचारण्यांत आलें. सावर यांनीं स्पष्ट बजाविलें कीं, उत्साही अमेरिकन तज्ज्ञ आपलें बाजारी बियाणें घेऊन तेथें शिरले, तर देशी वाणांची संपत्ति कायमची बुडेल, आणि तिजबरोबर तेथील लोकांची राहणीहि विस्कटेल. योजना १९४३ सालीं सुरू झालीच. संकरित बियाण्याचा प्रसार हाहि तिचा एक हेतु होता. तथापि तिनें आरंभींच असें एक काम केलें कीं, त्याबद्दल तिचे उपकार मानलेच पाहिजेत.

तें काम बियाणें गोळा करण्याचें. गांवोगांव हिंडून शेतकऱ्यांच्या घरून थोडीं थोडीं कणसें मागून आणावयाचीं, गांवाचें नांव व समुद्रसपाटीपासूनची उंची टिपावयाची, मग दाणे पेरून तुऱ्याच्या फांद्या व कणसावरील ओळी मोजावयाच्या. इतकेंच नव्हे, तर सूक्ष्मदर्शकाखालीं रंगसूत्रांवरील गांठीहि मोजावयाच्या! असे सुमारें २,००० नमुने जमले. या भ्रमंतींत एफ्राइम एर्नांदेस शोलोकोत्सी यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. हे मूळचे त्लास्कालाचे व कॉर्नेल विद्यापीठाचे पदवीधर. पण शेतकऱ्याचें ज्ञान हाच अभ्यासाचा विषय आहे, हें त्यांनीं पुढें जन्मभर शिकविलें. वेलहाउझेन, रॉबर्ट्स व मँगल्सडॉर्फ यांच्यासह त्यांनीं सिद्ध केलेला ग्रंथ १९५१ त स्पॅनिशमध्यें व १९५२ त इंग्रजींत निघाला. त्यांत २५ वंशांचें वर्णन आहे. तोलुकाच्या थंड पठारावरील पालोमेरोच्या टोंकदार दाण्यांच्या लाह्या होतात. तेवांतेपेकच्या उष्ण प्रदेशांतील सापालोते चिको ठेंगणा व लौकर पिकणारा. नायारित प्रांतांतील हाला खोऱ्याच्या मक्याचें कणीस तर हातभर लांब. एवढी विविधता कोणा शास्त्रज्ञानें घडविलेली नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या बियाण्याचें कणीस निवडून बाजूस ठेवणाऱ्या शेतकरी स्त्रीपुरुषांनीं ती घडविली. ग्रंथावर त्यांचीं नांवें असणें शक्य नव्हतें.

मँगल्सडॉर्फ यांचा असा आग्रह होता कीं, मका एका लुप्त रानमक्यापासून निघाला, आणि तेओसिंते नांवाचें रानगवत हें मक्याचेंच संकरित अपत्य होय. हा आग्रह टिकला नाहीं. २००२ सालीं मक्याच्या जुन्या वाणांचीं व तेओसिंतेचीं मिळून २६४ झाडें आनुवंशिक दृष्ट्या पडताळून पाहण्यांत आलीं. त्यावरून सर्व मका सुमारें ९,००० वर्षांपूर्वीं दक्षिण मेक्सिकोंत तेओसिंतेपासूनच, तोहि एकदांच, लागवडींत आला असें दिसून आलें. असल्या संग्रहांवांचून ही पडताळणी होती ना.

सावर यांच्या भीतीचा प्रत्यय मात्र उलट बाजूनें, खुद्द संयुक्त संस्थानांतच आला. मजुरांकडून तुरे तोडविण्याचा खर्च वांचावा म्हणून तेथील बहुतेक संकरित मक्यांत एकाच प्रकारचें नरवंध्य पेशीद्रव्य घातलें होतें. १९७० सालीं करपा आला, आणि देशाचें शेंकडा १५ च्या आसपास पीक गेलें.

मेक्सिको शहराजवळ एल बतान येथील आंतरराष्ट्रीय केंद्राच्या शीतगृहांत आज मक्याचे सुमारें २८,००० नमुने आहेत. पण बीं निजवून ठेविलें तरी तें हळूहळू मरतें. म्हणून अधूनमधून पेरावें लागतें. मक्याचा पराग वाऱ्यावर उडतो, तेव्हां तुऱ्यास व कणसास कागदी पिशव्या बांधून हातानेंच पराग घालावा लागतो, व वंशांतील विविधता गळूं नये म्हणून एका नमुन्याचीं शंभराच्या आसपास कणसें घ्यावीं लागतात. पठारावरचें बीं समुद्रकांठीं नीट येत नाहीं, म्हणून जागाहि तशीच शोधावी लागते. शिवाय पेटींतल्या दाण्यास नवा दुष्काळ, नवी कीड यांची ओळख होत नाहीं. ती शेतांतल्यास होते. हाला गांवीं सर्वांत लांब कणसाची स्पर्धा भरते. तेथील लागवड आतां थोडी उरली आहे, आणि १९२४ सालीं वर्णिलेल्या लांबीचीं कणसें स्पर्धेंतहि दिसत नाहींत.