मराठी गझलेची शिकवण

गझल उर्दूची आणि ओवी-अभंग मराठीचे, अशी वाटणी आपल्या घरांतून सहज केली जाते. वडूजसारख्या गावी मुलगा मराठी शाळेत गेला की तो आपल्या शायरीला मुकला, अशी खंतही काही पालक बोलून दाखवितात. इतिहास मात्र निराळे सांगतो.

श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ ओवीत रचला. मराठी छंद त्यांनी परका मानला नाही. विसाव्या शतकात देवघेव उलट दिशेने झाली. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन (१८९४-१९३९), कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसी शिकवीत. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३३ साली 'गज्जलांजलि' प्रसिद्ध केली. पुढे अमरावतीचे सुरेश भट (१९३२-२००३) यांनी मराठी गझल घरोघर पोहोचविली. विशेष हे की, त्यांनी विद्या झाकून ठेवली नाही. 'गझलेची बाराखडी' लिहून ते नवोदितांना पाठवीत व पत्रांतून मार्गदर्शन करीत. असे उस्ताद विरळाच!

विद्यार्थ्यांनी ही बाराखडी समजून घ्यावी. 'वारा आहे', 'तारा आहे', 'पारा आहे' या शेवटांत न बदलणारा 'आहे' हा रदीफ. त्याआधीचे वारा, तारा, पारा हे काफिये. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत ते हवेत. पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत. 'वारा'शी 'दोरा' चालत नाही, कारण 'रा'च्या आधीचा स्वर बदलतो. त्या स्वराला अलामत म्हणतात. सर्व ओळींचे वृत्त एकच असावे, पण प्रत्येक शेर अर्थाने स्वतंत्र असावा. नात व कव्वाली ऐकत वाढलेल्या मुलांच्या कानांना रदीफ-काफिया नवा नसतो. अडते ते लघु-गुरूंपाशी, आणि ते तर मराठीच्या तासालाच शिकविले जातात.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील दुधगावचे इलाही जमादार (१९४६-२०२१) यांनी मराठीत विपुल गझला लिहिल्या. भीमराव पांचाळे यांनी त्या गायिल्या. नवोदितांसाठी इलाही 'गझल क्लिनिक' नावाची कार्यशाळाही घेत. गझलेच्या शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, कवीने आपले नाव गुंफावे ही जुनी फारसी रीत. त्यांच्या मराठी मक्त्यांतून 'इलाही' हे नाव येते.