चांगल्या बाटलीतलं विष

आजचा भाग पोटातल्या आगीबद्दल. अमरावतीचा गिला वडा असो की घरचा ठेचा, वऱ्हाडात छातीत जळजळ झाली की उपाय ठरलेले असतात. ग्लासभर थंड दूध, चमचाभर खायचा सोडा, नाहीतर मेडिकलमधली गुलाबी बाटली. एवढ्यासाठी डॉक्टरला कोण विचारतं बाप्पा!

ऑगस्ट २०२३ मध्ये त्या गुलाबी बाटलीबद्दलच तक्रार आली. एका ग्राहकाकडे डायजीन जेलच्या एकाच बॅचच्या दोन बाटल्या होत्या. एक नेहमीसारखी गोड आणि फिकट गुलाबी. दुसरी पांढरी, कडवट, उग्र वासाची. ॲबट कंपनीने गोव्याच्या कारखान्यात बनलेलं जेल बाजारातून परत मागवलं. देशाच्या औषध नियंत्रकांनीही ते वापरू नका असं बजावलं. कोणाला अपाय झाल्याची तक्रार नाही, असं कंपनीने सांगितलं. म्हणजे इथे नाक आणि जीभ कामी आली.

पण ॲसिडच्या औषधांनी इतिहासात जी मोठी विषबाधा केली, ती नाकाला कळलीच नाही. कारण तिथे औषध अगदी चांगलं होतं.

साल १९१५. शिकागोचे डॉक्टर बर्ट्राम सिप्पी यांनी अल्सरवर एक उपचार मांडला. दिवसभर दर तासाला दूध आणि मलई, आणि मधल्या वेळात ॲसिड मारणाऱ्या पावडरी. त्यात खायचा सोडा होता, आणि खडूत असतं तेच कॅल्शियम कार्बोनेटही. पोटाला आराम पडायचा. त्यामुळे ही पद्धत पुढची कित्येक वर्षं चालली.

१९२३ मध्ये हार्ट आणि रिव्हर्स या डॉक्टरांनी धोक्याची घंटा वाजवली. हा उपचार घेणाऱ्या काही जणांचं डोकं दुखत होतं, मळमळत होतं, अशक्तपणा येत होता. दूध नकोसं होत होतं. आता पोटाच्या पेशंटला मळमळलं, तर संशय औषधावर कसा जाणार? पुढे १९४९ मध्ये बर्नेट आणि सहकाऱ्यांनी सहा पेशंटची नोंद छापली. वर्षानुवर्षं दूध आणि अल्कली घेऊन त्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढलं होतं आणि किडन्या निकामी होत चालल्या होत्या. या आजाराला नाव पडलं मिल्क-अल्कली सिंड्रोम.

आम्ही कोडिंगवाले याला लूप म्हणू. जास्त कॅल्शियममुळे किडनी दमते. दमलेली किडनी अल्कली बाहेर टाकू शकत नाही. रक्तातली अल्कली वाढली की किडनी कॅल्शियम आणखी धरून ठेवते. मग पुन्हा पहिल्यापासून.

१९७६ मध्ये सिमेटिडीन बाजारात आलं. १९८२ मध्ये वॉरेन आणि मार्शल यांना अल्सरमागचा जंतू सापडला. दूध-पावडरीचा उपचार मागे पडला आणि हा आजारही दुर्मिळ झाला. पण गेल्या काही दशकांत तो परत दिसू लागलाय. यावेळी कारण हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या.

आता आपल्या घरात बघा. आजीला हाडांसाठी कॅल्शियमची गोळी सुरू आहे. पित्त झालं म्हणून ती वरून सोडा घेते, चघळायची गोळी घेते, आणि दूध तर आहेच. एकेक वस्तू साधी आहे, आणि ग्लासभर दुधाने कोणाला विषबाधा होत नाही. पण या सगळ्याची बेरीज कोणीच करत नाही. हाडांच्या डॉक्टरला सोड्याचं माहीत नसतं आणि मेडिकलवाल्याला हाडांच्या गोळीचं. त्यात किडनी किंवा बीपीचा त्रास असेल तर सोडा आणखी वाईट.

म्हणून एक काम करा. घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्या गोळ्या, पावडरी, बाटल्या एका जागी मांडा आणि फोटो काढा. लेबलवर कॅल्शियम कार्बोनेट किती ठिकाणी आहे ते मोजा. दवाखान्यात तो फोटो दाखवा, आणि सोड्याचंही सांगा. जळजळ आठवडेच्या आठवडे जात नसेल, तर नवी बाटली आणू नका, तपासणी करा. आणि गोळ्या-सोडा सुरू असताना मळमळ, गोंधळल्यासारखं बोलणं, खूप तहान, सारखी लघवी असं दिसलं तर उद्यावर ढकलू नका, लगेच दवाखाना गाठा.

खराब बाटली नाकाला कळते. चांगल्या बाटल्यांची बेरीज मात्र आपल्यालाच करावी लागते. भेटू पुढच्या भागात!