जुन्या गाडीची नवी चकाकी

सेकंडहँड गाडी घेतली की सल्ला ठरलेला, ‘सिरॅमिक कोटिंग मारून घे!’ मी म्हणतो, मंडळी, आधी रंगाचा इतिहास ऐका.

1914 ते 1925 फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची. 1923 मध्ये ड्यूपाँटचं ड्युको लॅकर आलं. रंगीत आणि झटपट वाळणारं, पण ते निस्तेज व्हायचं, म्हणून लोक पॉलिश घासत बसायचे. 1980 च्या दशकात रंगावर पारदर्शक क्लिअरकोट रुळला, साधारण केसापेक्षाही पातळ.

सिरॅमिकचा थर त्याहून कितीतरी पातळ. तो चरे बुजवत नाही, आहेत तसेच खाली कोंडतो. म्हणून आधी पॉलिश लागतं आणि दरवेळी क्लिअरकोट थोडा झिजतो. आधीच्या मालकाने किती झिजवलाय, कुणास ठाऊक! पैसे देण्याआधी मीटरने रंगाची जाडी मोजून घ्या.