निगेटिव्हवरील ‘न्यूटनची वलये’ कशी टाळावीत?

पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांतील हवेची आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांवर जाते. अशा दिवसांत घरच्या डार्करूममध्ये निगेटिव्हवरून मोठी छायाचित्रे काढताना आकाशासारख्या सपाट भागात वेडीवाकडी वलये उमटतात. हा दोष कागदाचा वा रसायनांचा नसतो. दमट हवेत फिल्मची गुळगुळीत पाठ एन्लार्जरमधील वरच्या काचेला चिकटते. दोहोंमध्ये उरलेल्या हवेच्या अतिपातळ थरामुळे प्रकाशलहरींचे व्यतिकरण होते. न्यूटनने १७०४ मधील ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात या वलयांचे विवेचन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जातात.

३५ मिमी फिल्मसाठी बिनकाचेचा कॅरियर वापरावा. दिव्याच्या उष्णतेने फिल्म फुगत असल्याने लेन्सचे छिद्र थोडे लहान ठेवावे. मोठ्या निगेटिव्हसाठी वरची काच ‘अँटी-न्यूटन’ घ्यावी आणि तिची किंचित खरखरीत बाजू फिल्मकडे ठेवावी. इमल्शनची बाजू तितकी गुळगुळीत नसल्याने खाली साधी काच चालते. निगेटिव्ह सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात. काचेला चिकटलेली फिल्म मात्र ओढू नये. वाया गेलेले छायाचित्र पुन्हा काढता येते, निगेटिव्हवरचा ओरखडा कायमचा राहतो.