अनुभवयंत्र

अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी ‘अ‍ॅनार्की, स्टेट अँड युटोपिया’ (1974) या ग्रंथात मांडलेला विचारप्रयोग. माणूस टाकीत तरंगतो आहे, मेंदूला इलेक्ट्रोड जोडलेले आहेत आणि आपण थोर कादंबरी लिहीत आहोत, कुणाशी मैत्री जुळते आहे, असा हुबेहूब अनुभव त्याला येतो आहे. दर दोन वर्षांनी पुढचे अनुभव निवडण्यासाठी तो बाहेर येतो. तेवढ्यापुरती घालमेल सोडली, तर सुखच सुख. तरीही असे जगणे आपल्याला नको वाटेल, कारण माणसाला सुखापलीकडेही काही हवे असते, असा नोझिक यांचा निष्कर्ष.

या चर्चेत दुसरा एक प्रश्न हमखास शिरतो: दुःख वगळले तर आभासी आयुष्यातले सुख जाणवेल तरी का? शंका जुनी आहे. प्लेटोच्या ‘फिडो’त तुरुंगातला सॉक्रेटिस बेडी काढलेला पाय चोळत सांगतो, की सुख आणि दुःख एकामागून एक येतात. न्यायदर्शनाच्या मते सुखाला दुःख चिकटलेलेच असते, म्हणून मोक्षात दोन्ही नाहीत. पण ‘फिलेबस’मध्ये प्लेटोनेच अपवाद दाखवला: सुवास, शुद्ध रंग, ज्ञान यांचे सुख आधी वेदना सोसल्यावाचून मिळते. मोगऱ्याचा वास आवडायला आधी दुर्गंधी सोसावी लागत नाही. हा युक्तिवाद बिनतोड आहे.

वैद्यकातूनही याला दुजोरा मिळतो. उत्तर पाकिस्तानातील तीन कुटुंबांत ‘एससीएन9ए’ जनुकातील बिघाडामुळे जन्मतः वेदना न जाणवणारी मुले आढळली. हे संशोधन 2006 साली प्रसिद्ध झाले. स्पर्श, ऊब, गारवा, गुदगुल्या त्यांना कळत. ज्याच्यामुळे संशोधकांचे लक्ष वेधले गेले, तो मुलगा दंडातून सुऱ्या आरपार घालण्याचे, निखाऱ्यांवर चालण्याचे खेळ रस्त्यावर करी. चौदा वर्षांचा होण्याआधीच छपरावरून उडी मारून तो दगावला. वेदना नसली की संवेदना जात नाही, संरक्षण जाते. टाकीतल्या माणसाला हाडे मोडण्याचे भय नसल्याने वेदनेचे ते कामच तिथे उरत नाही.

सवयीने सुख बोथट होते, हे मात्र खरे. त्यावर ब्रिटिश विचारवंत डेव्हिड पिअर्स (‘द हेडोनिस्टिक इम्परेटिव्ह’, 1995) यांनी सुखाच्याच चढउतारांवर चालणारे जीवन सुचवले: आनंद घटला की सावध व्हायचे, वाढला की पुढे जायचे. शारीरिक वेदनेपुरते हे पटते. पण जिवलगाच्या आजारपणात जिवाला लागणारा घोर हा प्रेमाचाच भाग असतो. तो वजा करून उरते त्याला प्रेम म्हणावे का, ही अडचण या मांडणीत शिल्लक राहते.