सांभाळणाऱ्याचा पगार

या मालिकेत आजवर आपण लढाया, पलटणी आणि तह यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय तुम्हाला जरा बाजूचा वाटेल, पण त्याची सुरुवात सैन्यातल्याच एका कागदापासून होते.

चंदीगडचं सेक्टर १७ तुमच्यापैकी काही जणांनी पाहिलं असेल. ल कॉर्बुझिएनं आखलेल्या शहराचा हा मध्य. पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवलेला मोठा चौक, काँक्रीटच्या खांबांचे लांब व्हरांडे, खाली दुकानं आणि बँका, आसपास सरकारी कार्यालयं. गेल्या हिवाळ्यात तिथल्या एका बाकावर मी माझ्या जुन्या युनिटमधल्या एका हवालदाराबरोबर फॉर्म भरत बसलो होतो. माणूस सातारा जिल्ह्यातला. शेवटचं पोस्टिंग चंडीमंदिरला झालं, मुलीचे उपचार इथे सुरू झाले, म्हणून निवृत्तीनंतर तो इथेच राहिला. आता एका दुकानावर गार्डची नोकरी करतो. मुलगी १४ वर्षांची, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. तिला उचलणं, भरवणं, अंघोळ घालणं, रात्री उठून कूस बदलणं, सगळं त्याची बायको करते. पूर्वी ती शिवणकाम करायची. मशीन आता खाटेखाली गेलं आहे.

फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना होता. त्यानं तिथे ‘काही नाही’ असं लिहिलं होतं.

मी म्हणालो, “हे खोड.”

“मग काय लिहू, साहेब? पगार तर कुठे मिळतो?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी गेल्यावर कायदे आणि निकाल काढून बसलो. घरच्या अपंग माणसाला सांभाळण्याचं काम आपल्या देशानं कधी मोजलं का? मोजलं असेल तर कुणासाठी?

पहिलं उत्तर मला आधीपासून माहीत होतं, कारण ते कागद मी स्वतः हाताळले आहेत. सेवेमुळे १०० टक्के अपंगत्व आलेल्या जवानाला सतत माणूस लागतो असं मेडिकल बोर्डानं लिहिलं, तर त्याला अपंगत्व पेन्शनबरोबर ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’ मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, तो महिना ६,७५० रुपये झाला. माझ्या एका जवानाच्या मणक्याला मार लागून कमरेखालचं शरीर गेलं, तेव्हा त्याची केस पुढे पाठवताना मी सही केली होती. पैसे त्याच्या नावावर यायचे आणि सेवा त्याची बायको करायची. तिचं नाव कुठेच नव्हतं. तरी एक गोष्ट सरकारनं कागदावर मान्य केली होती: एका माणसाला सांभाळायला दुसरा माणूस लागतो आणि त्याच्या वेळेला किंमत असते.

दुसरं उत्तर कोर्टात सापडतं. ऑक्टोबर २००७ मध्ये हरियाणातल्या १२ वर्षांच्या एका मुलीला रस्त्यावर अपघात झाला. मेंदूला इजा होऊन ती कायमची अंथरुणाला खिळली. प्रकरण चंदीगडच्या पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात आलं. न्यायालयानं तिच्याजवळ राहणाऱ्या माणसासाठी महिना २,५०० रुपये धरले. पुढे ५ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. नागेश्वर राव आणि न्या. दीपक गुप्ता यांनी हा आकडा फार कमी ठरवला. मुलीला बेडसोर होऊ नयेत हे पाहणारं माणूस हवं, असं त्यांनी लिहिलं. हरियाणातल्या कुशल कामगाराचं २०१० चं वेतन ४,८४६ रुपये होतं, ते समोर ठेवून त्यांनी एका माणसाचे ५,००० रुपये धरले आणि अशी दोन माणसं लागतील असं म्हटलं. महिन्याचे १०,०००, वर्षाचे १,२०,०००. अपघाताच्या दाव्यात वर्षाची रक्कम वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणतात. इथे तो आकडा १८ होता. म्हणजे फक्त सांभाळण्यासाठी २१,६०,००० रुपये. एकूण भरपाई ६२ लाखांच्या वर गेली.

हा हिशेब मी पुन्हा पुन्हा वाचला. आमच्या हवालदाराच्या मुलीलाही बेडसोर होऊ शकतात. तिलाही चोवीस तास माणूस लागतं. फरक एवढाच की तिला कुणी गाडीनं ठोकलेलं नाही, म्हणून पैसे द्यायला कुठली विमा कंपनी नाही.

तिसरं उत्तर सरकारी नोकरीचं. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ मध्ये, केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा मिळाली: सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवस, पगारासह. २०१८ पासून एकट्यानं मूल वाढवणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळू लागली, मात्र दुसऱ्या ३६५ दिवसांचा पगार सर्वांसाठी ८० टक्के झाला. इतर मुलांसाठी वयाची मर्यादा १८ वर्षं आहे, अपंग मुलासाठी आता मर्यादा नाही. आईबापानं स्वतःच्या मुलाला सांभाळावं आणि सरकारनं त्या दिवसांचा पगार द्यावा, याचं आपल्याकडचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हेच. पण शेजारच्या हिमाचल प्रदेशानं हा नियम स्वीकारला नव्हता. तिथल्या सरकारी महाविद्यालयातल्या एका सहायक प्राध्यापिकेच्या मुलाची हाडं जन्मतः ठिसूळ होती, त्याच्यावर शस्त्रक्रिया होत होत्या आणि तिच्या रजा संपल्या होत्या. उच्च न्यायालयात ती हरली. २२ एप्रिल २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांनी राज्याला मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून या रजेचा विचार करायला सांगितलं. नोकरीत स्त्रियांचा सहभाग हा त्यांच्यावर केलेला उपकार नसून घटनेनं दिलेला हक्क आहे, असं खंडपीठानं म्हटलं.

आता ही तिन्ही उत्तरं शेजारी ठेवा. जवानाला मिळालं, कारण देश त्याचं देणं लागत होता. अपघातातल्या मुलीला मिळालं, कारण गाडीवाला देणं लागत होता. प्राध्यापिकेला दाद मिळाली, कारण ती सरकारी नोकरीत होती. ज्या घरात कुणीच कुणाचं देणं लागत नाही, तिथे आईचं काम ‘काही नाही’ या रकान्यात जातं.

मदत अजिबात नाही असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० मध्ये, संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये सुरू झाली. तिच्यात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे, अपंगत्व ८० टक्के लागतं, घर दारिद्र्यरेषेखाली लागतं आणि वय किमान १८ लागतं. म्हणजे मूल लहान आहे आणि आईला घर सोडता येत नाही, नेमक्या त्या वर्षांत ही योजना लागू नाही. आयकरात, जुन्या करप्रणालीत, तीव्र अपंगत्वासाठी सव्वा लाखाची वजावट मिळते. पण कर भरण्याइतकी कमाई असेल तरच तिचा उपयोग. या सगळ्यांत पैसा अपंग व्यक्तीच्या किंवा करदात्याच्या नावावर आहे. सांभाळणाऱ्याच्या हातात थेट रक्कम ठेवणारी योजना मला केरळात दिसली. तिचं नाव आश्वासकिरणम, रक्कम महिना ६०० रुपये. रक्कम लहान आहे, पण घेणारा तो आहे जो रात्री उठतो.

ब्रिटनमध्येही हे सहज घडलं नाही. तिथे १९७६ मध्ये नोकरी सोडून आजारी नातेवाइकाला सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला, पण विवाहित स्त्रियांना वगळून. त्या एरवीही घरीच असतात, असा सरकारचा युक्तिवाद होता. जॅकी ड्रेक ही विवाहित स्त्री आपल्या आईला सांभाळत होती. ती युरोपीय न्यायालयापर्यंत गेली आणि जून १९८६ मध्ये जिंकली. म्हणजे ज्या स्त्रिया हे काम सर्वांत जास्त करत होत्या, त्यांना दहा वर्षं थांबावं लागलं. आज कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना माहीत असेल की तिथल्या राज्य योजनेत, काही अटींवर, अल्पवयीन अपंग मुलाच्या आईला किंवा वडिलांना तासांचा हिशेब करून मोबदला मिळतो.

आपल्याकडे दार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं उघडलं. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात ‘काळजीवाहक’ या शब्दाची व्याख्याच आहे: पैसे घेऊन किंवा न घेता काळजी घेणारी कुणीही व्यक्ती, आणि त्यात आईवडील स्पष्टपणे मोजले आहेत. कलम २४ म्हणतं की ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद योजनांमध्ये असावी. त्याच कलमात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ असे शब्दही आहेत. सैन्यात आम्ही असा हुकूम वाचला की ओळखायचो: कूच करायचं आहे, पण तारीख दिलेली नाही.

तरीही कलम आहे, आणि ते वापरायला हवं. घरात असं मूल असेल तर आधी यूडीआयडी कार्ड काढा. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर कलम ३८ खाली ‘जास्त आधाराची गरज’ असल्याचा लेखी अर्ज करा. मुलाच्या वतीनं तुम्हालाही तो करता येतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असेल तर नॅशनल ट्रस्टची निरामय ही १ लाखाची आरोग्य विमा योजना घ्या. भत्ता सुरू नसेल तरी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जच आले नाहीत तर गरज नाही, असं सरकारदरबारी सहज लिहिलं जातं.

त्या दिवशी सेक्टर १७ मध्ये आम्ही ‘काही नाही’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘मुलीची पूर्णवेळ काळजी, बिनपगारी’. हवालदारानं ते दोनदा वाचलं. मग फोन काढून त्या रकान्याचा फोटो घेतला आणि बायकोला पाठवला.

पुढच्या भागात पुन्हा पलटणींकडे वळू. जय हिंद.